वर गेलेल्या पोरी

अक्का, यंदा चंदन पातळ झालं.

तू असतीस तर वाटीत बोट बुडवून म्हणाली असतीस, "चंपे, हे चंदन की ताक?" आणि मी म्हटलं असतं, एकीने उगाळायचं आणि दुसरीने नावं ठेवायची, तेव्हा कुठे ते घट्ट होतं. काल दुपारभर सहाणेपुढे एकटी बसले होते. मनगट भरून आलं तसं पाणी जरा जास्तच पडत गेलं. नावं ठेवायला कोणी नव्हतं, म्हणून तसंच वाटीत काढलं आणि आज शाळेत नेलं.

आज शाळेचा शेवटचा दिवस झाला. तुझ्याशिवाय तो होणार नाही असं मला वाटलं होतं, आणि खरं सांगायचं तर होऊ नये असंही वाटलं होतं. पण झाला. पोरींनी दाराला आंब्याची पानं बांधली, अंगणभर रांगोळीचा कोलम घातला, पाचवीतल्या पोरी रेशमी परकर नेसून आणि डोकीभर अबोली माळून आल्या. जूनपासून मोठ्या शाळेत जायचं, फर्स्ट फॉर्ममध्ये, म्हणून चालण्यातसुद्धा एक ऐट होती. तुला ती ऐट फार आवडायची. मला मात्र दर वर्षी वाटायचं की एवढं काय, अजून शुद्ध लिहिता येत नाही. आजही तेच वाटलं, आणि ते कोणाला बोलून दाखवावं हे कळेना.

तुला जाऊन महिना होत आला, तरी पोरी मला अजून चिन्न टीचरच म्हणतात. तू पेरिय टीचर, थोरली. मी चिन्न टीचर, धाकटी. दोन बायकांनी चालवलेल्या शाळेत एवढी ओळख पुरत होती. आता थोरली नाही तर ही धाकटी कोणाची, असं त्यांना विचारावंसं वाटतं. पण पोरींचा त्यात काय दोष? त्या हाक मारतात, मी ओ देते.

फोटोवाल्याने तर हद्द केली. तुला ठाऊकच आहे तो, काळ्या कापडाखाली डोकं घालून सगळ्यांना हसा म्हणणारा आणि स्वतः कधी न हसणारा. त्याने पोरींच्या रांगा लावल्या आणि मला म्हणाला, टीचर, मध्ये या. मी आपली सवयीने डावीकडे सरकून बसलेली. तो पुन्हा म्हणाला, मध्ये, मध्ये. अक्का, मला मध्ये बसायची सवय नाही गं. हात कुठे ठेवायचे तेच सुचेना. तुझ्या बाजूला बसलं की माझा उजवा हात तुझ्या पदराखाली जायचा आणि तू हळूच चिमटा काढायचीस, म्हणजे मी ताठ बसावं. जुन्या सगळ्या फोटोंत मी जी कडक दिसते ती त्या चिमट्यामुळे. यंदाच्या फोटोत कशी दिसणार आहे, देव जाणे.

मग पायऱ्यांचा कार्यक्रम. ती रीत तुझीच. ज्या पोरी पास झाल्या त्यांचं नाव घ्यायचं, नाव घेतलेल्या पोरीने अंगणातून ओट्याच्या पायऱ्या चढायच्या, वर तू चंदनाची वाटी आणि मी गुलाबदाणी घेऊन उभी. मनगटाला चंदन, अंगावर गुलाबपाणी, हातात खडीसाखर. आणि तू खणखणीत आवाजात म्हणायचीस, "वर गेली!" सगळ्या पोरी टाळ्या पिटायच्या. आपल्या शाळेत आपल्या मराठी लोकांच्या पोरी आता मूठभर राहिल्या, बाकीच्या तमिळ बोलणाऱ्या. पण मराठीतले हे दोन शब्द प्रत्येकीला येतात. मुखोद्गत. बाजारात एखादी जुनी विद्यार्थिनी भेटते, कडेवर मूल असतं, आणि ती सगळी विचारपूस तमिळमध्ये करून जाताना हसून म्हणते, टीचर, "वर गेली!"

आणि ते पुण्याचे विद्वान. अक्का, त्यांची आठवण काढल्याशिवाय कुठलं वर्ष सरलं आपलं?

तंजावरला मोडी कागद बघायला आलेले गृहस्थ, कुंभकोणमला दर्शनाला म्हणून उतरले होते, आणि तू त्यांना आमंत्रण देऊन आलीस, "अस्तमानी या." ते बिचारे आपल्या मराठीत संध्याकाळला अजून अस्तमान म्हणतात यावरच इतके खूश झाले की लगेच कबूल झाले. पाहुण्यांच्या खुर्चीत बसले. तू छाती फुगवून त्यांना शाळेची माहिती दिलीस: "विठ्ठलाच्या कृपेने यंदा आमच्या पाचवीतल्या झाडून साऱ्या पोरी वर गेल्या. दोनच खाली राहिल्या."

त्यांचा चेहरा पांढराफटक. हात जोडून म्हणाले, "अरेरे. कसली साथ होती?"

तुला वाटलं कोणी मदत केली असं विचारताहेत. तू माझ्याकडे बोट दाखवलंस. "साथ? या चंपीची साथ होती. ही नसती तर एवढ्या वर गेल्या नसत्या."

त्या माणसाने खुर्ची माझ्यापासून लांब सरकवली. मी खडीसाखरेची ताटली पुढे केली तर दोन्ही हात मागे नेले. आणि तू आपली हसऱ्या चेहऱ्याने उभी! मग पहिलं नाव पुकारलं, पोर ठणठणीत पायऱ्या चढली, तू "वर गेली!" म्हणालीस, तेव्हा त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, बाई, आमच्याकडे वर गेली म्हणजे वारली. तू म्हणालीस, मग पास झालेलीला काय म्हणता? ते म्हणाले, उत्तीर्ण. तू क्षणभर विचार केलास आणि म्हणालीस, "म्हणजे तुमच्याकडे पास झालेली उतरते आणि मेलेली चढते? उलटंच आहे सगळं." जाताना मात्र ताटलीतली खडीसाखर मागून घेतली.

तेव्हापासून दर वर्षी कार्यक्रम संपला, अंगण रिकामं झालं, की तू पायरीवर बसकण मारायचीस आणि तोंड गंभीर करून विचारायचीस, "यंदा कसली साथ होती, चंपे?" आणि मी म्हणायचे, "माझीच, बाई." मग आपण दोघी हसायचो. मग तू माझ्या मनगटाला चंदन लावायचीस, मी तुझ्या. वाटीत उरलेलं पुसून घ्यायचं म्हणून लावतो, असं आपण म्हणायचो. पण ते उरावं म्हणून मी दर वर्षी मुद्दाम थोडं जास्त उगाळत होते, हे तुला ठाऊक होतं की नाही, कोण जाणे.

तू गेल्यावर शाळेत ती बातमी मला सांगवेना. पाचवीतल्या एका पोरीने पहिलीतल्या चिमण्यांना गोळा करून समजावलं की पेरिय टीचर वर गेल्या. त्यातल्या एकीने विचारलं, कुठल्या वर्गात? मी दारातच उभी होते. मला हसू आलं, अक्का, तुझी शपथ, आधी हसूच आलं. मी मान वळवली, हे तुला सांगायचं म्हणून. तिथे भिंतीवरचा फळा होता. मग जे रडू आलं ते काही केल्या आवरेना, आणि पोरी घाबरून गेल्या. त्या दिवशी शाळा लवकर सोडली.

आता भांडणाचं बोलू. तू गेलीस म्हणून मी माघार घेतली असं समजू नकोस.

खाली राहिलेल्या पोरींवरून आपलं भांडण. पास झालेल्या वर चढून आल्या की तू वाटी घेऊन स्वतः पायऱ्या उतरायचीस आणि नापास झालेल्यांना अंगणात जाऊन चंदन लावायचीस, खडीसाखर द्यायचीस. मला ते पटायचं नाही. चढलेल्या पोरींना कळायला हवं ना की चढण्यात काही केलं आपण. खाली राहूनही साखर मिळते म्हटल्यावर पाढे कोण पाठ करणार? तू म्हणायचीस, "चढलेलीचं काय, ती चढलीच. खाली उन्हात उभी आहे तिच्याकडे कोण बघणार?" मी म्हणायचे, तू थोरली ना शाळेची? तू का उतरायचं? तुझे गुडघे काय म्हणतात ते विचार. आणि खरंच, उतरताना तू एकटी तुरुतुरु जायचीस, पण चढताना माझ्या नावाने हाक. मी कोपराला धरून तुला वर आणायचे आणि पुटपुटायचे. पुटपुटण्याशिवाय मी तुला कधी वर आणलं असं मला आठवत नाही.

शेवटचं भांडण रुक्कूवरून. जवळच्या दारासुरमची, रेशीम विणणाऱ्यांच्या घरची ती लांब वेणीची पोर. तोंडाने गोड, गाण्यात पुढे, सगळ्या शाळेला पाणी पाजून आणणारी. गणिताच्या नावाने मात्र आनंद. एकदा पाचवीत राहिलीच होती. बापाने बजावलं होतं की यंदा राहिली तर शाळा बंद, घरी कांड्या भरायला बसेल, आणि मग काय, दोनचार वर्षांत लग्न. परीक्षेआधीच तुला धास्ती लागली होती. आपण पायरीवर बसलो होतो. तू म्हणालीस, "चंपे, गणिताचे मार्क तुझ्या हातात आहेत."

मी म्हटलं, ते रुक्कूच्या हातात आहेत.

तू म्हणालीस की एका पोरीचा जन्म एवढ्याशा अपूर्णांकावर अडायचा का? आणि मी चिडून म्हटलं, "तिला येत नसताना वर ढकललीस, तर त्या मोठ्या शाळेत ती पुन्हा खाली राहील. तिथे कोण उतरून येणार आहे तिच्यासाठी?"

तू काहीतरी बोलायला तोंड उघडलंस. मग खोकला आला. पदर तोंडाशी धरून हात हलवलास आणि म्हणालीस, "उद्या सांगते." दुसऱ्या दिवशी तुला ताप होता. त्यानंतर तुझ्या खाटेपाशी मी बसत होते, तेव्हा तू कधी कॉफी मागितलीस, कधी पोरींची चौकशी केलीस, एकदा मला माझ्या आईच्या नावाने हाक मारलीस. पण ते उत्तर राहिलंच. भांडले याचं मला वाईट वाटत नाही. आपण भांडत होतो म्हणून तर दिवस जात होते. उत्तर न देता गेलीस, याचा राग येतो. असं अर्ध्यावर टाकून जायची तुझी रीत नव्हती.

रुक्कू गणितात गेली. पेपर मी पुन्हा पुन्हा तपासला, चष्मा पुसून तपासला. मार्क वाढवले नाहीत, अक्का. तू रागावशील तर रागाव. मला नाही जमलं.

आज तिचा बाप सायकलवरून आला होता आणि फाटकाशी उभा होता. मी नावं घ्यायला सुरुवात केली. पद्मा पहिली आली, तिला तू पसंत करून ठेवलेला बक्षिसाचा पितळी पेला मिळाला. ती पायऱ्या चढून आली. मी चंदन लावलं, गुलाबदाणी दुसऱ्या एका पोरीकडे दिली होती, तिने नाका-डोळ्यांत पाणी उडवलं. आणि मग "वर गेली" म्हणायचं होतं. शब्द तोंडात आले आणि तिथेच राहिले. इतकी वर्षं तू ओरडायचीस, मी नुसती ऐकायचे. आता माझी पाळी आली तर त्या शब्दांत तूच येऊन बसलेली. पद्मा पुढ्यात उभी, हात पुढे, खडीसाखरेची वाट बघत.

तेव्हा खालून, अंगणातून, कोणीतरी खणखणीत ओरडलं, "वर गेली!"

रुक्कू होती. तिला आपला निकाल ठाऊक होता, सकाळीच मी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं. तरी ती ओरडली. टाळ्या झाल्या. मग प्रत्येक नावाला मी चंदन लावायचं आणि खालून रुक्कूने ओरडायचं, असं सुरू झालं. एकामागून एक सगळ्या ओट्यावर आल्या, ओटा भरून गेला, आणि शेवटी अंगणात ती एकटी उरली. यंदा नापास झालेली ती एकटीच. ओरडायलाही आता कोणाचं नाव उरलं नव्हतं. ती उगी उभी राहिली, परकराचा काठ मुठीत धरून.

मी वाटी घेऊन उतरले. तुझं म्हणणं पटलं म्हणून नव्हे, हे लक्षात ठेव. तिथे ती उभी होती आणि वर मला उभं राहवेना, इतकंच. पायऱ्या उतरताना कळलं की माझेही गुडघे आता तुझ्यासारखे झालेत. तिच्या मनगटाला चंदन लावलं. तिने माझ्या हातातल्या वाटीत बोट बुडवलं, माझा उजवा हात धरला आणि मनगटाला चंदन लावलं. तमिळमध्ये हळूच म्हणाली, "टीचर, तुम्हाला यंदा कोणी लावलंच नाही."

म्हणजे पोरी बघत होत्या, अक्का. अंगण रिकामं झालंय असं आपण समजत होतो, आणि या फाटकाआडून बघत होत्या.

मी तिचा हात सोडला नाही. तशीच तिला घेऊन फाटकाशी गेले. बाप मान खाली घालून उभा. म्हणाला, पेरिय टीचर असत्या तर माझी पोर वर गेली असती. मी म्हटलं, खरं आहे, कदाचित गेली असती. पण त्या नाहीत, मी आहे, आणि मी हिला न येणारं गणित येतं असं लिहून देणार नाही. आणखी एक वर्ष द्या. शाळा सुटल्यावर रोज माझ्या घरी बसेल, अस्तमान होईतो. शनिवारी तिला पोचवायला मी स्वतः दारासुरमपर्यंत येईन. त्याने सायकल वळवली. मला वाटलं, झालं, गेली ही पोर. तेवढ्यात त्याची नजर तिच्या आणि माझ्या मनगटावर गेली. दोन्हीकडे तेच पातळ चंदन, ओघळून कोपरापर्यंत आलेलं. तो सायकलची घंटी उगाच चोळू लागला.

मग म्हणाला, "जूनमध्ये पाठवतो. पण तुमच्या शेजारी बसवा."

तू हेच सांगणार होतीस का गं, "उद्या सांगते" म्हणालीस तेव्हा? की मोठ्या शाळेतही मीच उतरून जाईन, असं काही म्हणणार होतीस? तुझ्या गुडघ्यांनी? मी रात्रंदिवस तुझ्या वतीने उत्तरं रचते आणि स्वतःच खोडून काढते. दोघींचं भांडण एकीने करायचं म्हणजे फार दम लागतो.

सगळ्या गेल्या. तो फोटोवालाही गेला. मी अंगण झाडलं, कोलम पुसला, गुलाबदाणी पालथी घातली. वाटी घासायला घेतली तर तळाशी चंदन उरलं होतं. दर वर्षीसारखं मुद्दाम थोडं जास्तच उगाळलं होतं, हाताला सवय. कुठे लावायचं ते कळेना, तर तू बसायचीस त्या पायरीला लावून टाकलं. आता तिथेच बसलेय. अस्तमान झालाय. देवळातून नगारा ऐकू येतोय आणि शेजारच्या घरात कॉफीचा वास सुटलाय.

तर यंदाचा निकाल ऐक. विठ्ठलाच्या कृपेने पोरी वर गेल्या. तूही वर गेलीस, सगळ्यांच्या आधी, आणि मला कोपराला धरूही दिलं नाहीस. दोनच खाली राहिल्या. एक रुक्कू, आणि दुसरी ही मी.

आता विचार ना, अक्का, कसली साथ होती म्हणून.